पुस्तकात वारलेली माझी आई

माझी आई एका कादंबरीत वारली. ही बातमी तिला मीच दिली, कारण आमच्या घरात वाचायचं काम माझ्याकडे असतं. लग्नपत्रिका, महापालिकेची नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर, सगळं माझ्यापुढे येतं. खारदांड्यातल्या आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. ज्याला त्यात काय मोठं वाटतं, त्यानं कोलंबी सोलणाऱ्या आत्यांच्या मधे बसून अलंकार पाठ करून दाखवावेत.

ही कादंबरी लिहिणारी मुलगी माझ्या आईनं सांभाळलेली. मासळी बाजारात आमच्या घरची बसायची जागा एकच, ती मोठ्या काकूकडे. म्हणून आईनं अंधेरीच्या एका सोसायटीत मूल सांभाळायचं काम धरलं. मुलीचे आईवडील दोघंही ऑफिसला जात. ती रांगत होती तेव्हापासून ते स्वतः वेणी घालायला शिकेपर्यंत दिवसभर ती आईपाशी. मुलगी आईला मावशी म्हणायची, मग तिचं सगळं घरच मावशी म्हणायला लागलं. आता ती लेखिका झालीय. पुस्तक कुरिअरनं आमच्याकडे आलं. पहिल्या पानावर छापलं होतं, ‘मावशीला, जिनं मला वाढवलं.’ आईनं तेवढं पान माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं, पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला आणि लसूण सोलायला बसली. पप्पा दारात जाळं शिवत होते. मी वाचायला घेतलं.

“पांढऱ्या लुगड्यातली ती विधवा दाराशी उभी राहिली की घरात सकाळ व्हायची...”

“कोण विधवा?” पप्पांनी विचारलं.

“मावशी.”

“मावशी म्हंजे ही?”

“हो.”

पप्पांनी सुई खाली ठेवली. “मग मी कुठंय?”

“तुम्ही पुस्तक सुरू व्हायच्या आधीच गेलात.”

“कशानं गेले?” आईनं विचारलं. अगदी शेजारच्या घरचं विचारावं तसं.

मी पानं चाळली. “लिहिलेलं नाही.”

“असं कसं? माणूस उगाच जातो काय?”

“बघ,” पप्पा म्हणाले, “एवढी वर्षं दर्यावर गेलो तर मना काय झालं नाय. ही पोरगी एका ओळीत मारून मोकळी. वर कारण पण दिलं नाय!”

मी पुढे वाचत राहिले. पुस्तकातली मावशी तुळशीला पाणी घालायची. मुलीला मांडीवर घेऊन अंगाई गायची. इथे आई इतकी हसली की लसणाची सालं पंख्यानं घरभर गेली. माझ्या आईच्या गळ्यातून गाणं आलेलं मी ऐकलेलं नाही. ती मूल झोपवायची ते मुलाच्या आधी स्वतः घोरून. पुढे पुस्तकातली मावशी गुपचूप रडायची, कुणाला न दिसता. आई म्हणाली, “कुणाला दिसायचं नाय तर रडायचं कशाला?” शेवटून दुसऱ्या प्रकरणात मावशी खाटेवर पडून, मुलीचा हात हातात घेऊन वारली. आई डोळे न मिटता ऐकत होती. मेल्याचं तिला फारसं वाटलं नाही.

“चांगली मेली गो,” ती म्हणाली. “जास्त दिवस काढले नाय.”

हे सगळं मला नवीन नव्हतं. आम्हाला अभ्यासाला लावलेल्या पुस्तकांत जेवढ्या दाया होत्या, त्या गायच्या, रडायच्या आणि मरायच्या. मालकाचं मूल मोठं झालं की त्यांचं काम संपायचं, मग लेखक त्यांना ठेवून काय करणार? परीक्षेत मी त्यावर छान उत्तर लिहिलं होतं, ‘त्यागमूर्ती’ वगैरे शब्द घालून. मार्कही मिळाले होते. ते उत्तर लिहून घरी आले तेव्हा आमच्या घरची त्यागमूर्ती काकूशी नळावरून भांडत होती.

पण एक ओळ आली आणि आईचा हात थांबला. “मावशीचं जेवण साधं, सात्त्विक. मासळीचा वासही तिला कधी सहन झाला नाही.”

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“खारदांड्याची बाई?” आई म्हणाली. “मासळीचा वास सहन होत नाय?” तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. त्या रात्री ती पप्पांच्या मरणावर काही बोलली नाही, स्वतःच्याही नाही. मासळीवर मात्र बोलत राहिली.

तिला का एवढं लागलं, ते मला माहीत होतं. ती मुलगी जेवायची काय, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं: आईला, मला आणि त्या मुलीला.

ते घर शाकाहारी. आईला पहिल्या दिवशीच सांगितलेलं, डब्यात मासळी आणायची नाही. आई आणायची. घरात उघडायची नाही, एवढा कायदा तिनं पाळला. दुपारी मुलीला खाली बागेत खेळायला न्यायची आणि पाण्याच्या टाकीमागच्या कट्ट्यावर बसून स्वतःची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायची. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोलंबी, कांद्यावर परतलेली. मुलीनं एक दिवस बोट बुडवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी मागितली. मग आईनं भाकऱ्याच जास्त थापायला घेतल्या. जवळा झाला, सुके बोंबील झाले, सोड्यांचा म्हणजे सोलून सुकवलेल्या मोठ्या कोलंबीचा भात झाला. जेवण झालं की लिंबाची फोड मुलीच्या बोटांना चोळायची, तोंडात बडीशेप घालायची, आणि दोघी साळसूद चेहऱ्यानं लिफ्टनं वर.

आणि शपथ. आईनं तिला गळ्याचं कातडं चिमटीत धरायला लावून गळ्याची शपथ घातली होती: कुणाला सांगितलंस तर मावशी मरेल. आमच्या लहानपणी शपथ म्हणजे खेळ नव्हता. जिनं घातली तिनंच ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे पोराबाळांना सगळ्यांना माहीत. आईनं कधी ‘सुटली’ म्हटलं नाही. कामावरचा शेवटचा दिवस आला, रडारड झाली, भेट म्हणून साडी मिळाली, त्या गडबडीत राहून गेलं.

पुस्तक वाचून झाल्यावर पंधरवड्यानं लेखिकाबाई स्वतः आमच्याकडे आल्या. मुलुंडला एका वाचक मंडळानं तिच्या पुस्तकावर कार्यक्रम ठेवला होता. तिथे मावशीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता, त्याचं आमंत्रण. गोरीगोमटी, चष्म्याची, खांद्यावर कापडी पिशवी. दारातच पप्पांच्या पाया पडली.

“नको गो,” पप्पा म्हणाले, “मेलेल्याच्या पाया पडत नाय.”

ती लाल झाली. आईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि थेट सौद्याला बसली. आईनं बाजारात कधी टोपली लावली नसली तरी भाव तिच्या रक्तात आहे.

“बाय, हे बदलता येतं काय?”

“छापून झालंय मावशी. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा बदलता येईल थोडं.”

“किती थोडं?”

“म्हणजे... काय हवंय तुला?”

“नवऱ्याला जिवंत कर.”

“अगं, मग सगळी कथाच बदलते. तो असेल तर ती एवढी एकटी का?”

“तो दर्यावर असंल तर मी एकटीच!”

“बरं, बघते.”

“अंगाई काढ.”

“काढते.”

“मना मारू नको.”

“मावशी, ते नाही गं जमणार. शेवटच त्यावर आहे.”

“बरं, मार. पण मासळी घाल.”

 आई पुढे सरकली. “अंगाई ठेव. रडणं ठेव. नवरा पण राहू दे मेलेला. मासळी तेवढी घाल.”

“अगो ए!” पप्पा जाळ्यातून उठले. “मना इकला?”

“तुम्ही बसा. आम्ही बोलतोय.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला हसू आवरेना, आणि त्यात एक बोच पण होती. इतक्या वस्तू काढल्या, घातल्या, बदलल्या, पण कुणी म्हणेना की मावशीला एक मुलगी पण होती. पुस्तकात मावशीला मूलच नाही. मी फटकळ आहे, मनात ठेवत नाही. म्हटलं, “आणि मला कशाला गिळलंस?”

ती माझ्याकडे बघून जरा घाबरली. “तुला दोडकं आवडतं ना?”

“कोण म्हणालं?”

“मावशी. लहानपणी रोज. ‘माझी मुलगी दोडकं मागून खाते. माझी मुलगी पाढे न चुकता म्हणते. माझी मुलगी पडली तर रडत नाही.’ मी तुझा इतका राग राग करायचे! तुला पुस्तकात घेतलं असतं तर वाचकांना मी आवडलेच नसते.”

मी आईकडे बघितलं. आई कपबशीकडे बघत होती. कारण मला रोज रात्री ऐकायला मिळायचं, ‘ती अंधेरीची बाय बघ, दूध एका घोटात पिते. ती बाय बघ, केस विंचरताना हलत नाय.’

“मी दूध?” लेखिका ओरडली. “मी ते कुंडीत ओतायचे! तुळस मेली होती त्यानं!”

“दोडकं मी आजवर गिळलेलं नाही,” मी म्हटलं.

म्हणजे कादंबरी आमच्या आईनंच आधी लिहिली होती. एक नाही, दोन, आणि दोन्ही वाचकांना छळायला. हे कळल्यावर आम्ही दोघी एका बाजूला झालो. लेखिकेनं जवळा मागितला, आईनं तव्यावर टाकला, आणि ती चष्मा डोक्यावर ढकलून पाची बोटांनी जेवली. बोटं चाटताना मी विचारलं, “मग मासळी का काढलीस पुस्तकातनं?”

“शपथ,” ती म्हणाली. अगदी साधेपणानं. एम.ए. झालेली, चार पुरस्कारांच्या समितीवर असलेली बाई. “मी लिहिलं होतं. टाकीमागचं सगळं प्रकरण लिहिलं होतं. पाठवायच्या आदल्या दिवशी काढलं. आईबाबा वाचणार. सांगितलं तर मावशी मरेल म्हणून.”

“आणि मग पुस्तकात मारलंस!”

“पुस्तकात मारलं की खरी मरत नाही ना,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली, पण पुरतं नाही. मग आईकडे वळली. “मावशी, सुटली म्हण. मी दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण परत घालते.”

एका शब्दाचं काम. आईनं ताटं उचलली आणि मोरीवर गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. लेखिका वाट बघून गेली.

“म्हणाली का नाहीस?” मी नंतर विचारलं.

“वहिनींनी मना घराची चावी दिली होती,” आई म्हणाली. वहिनी म्हणजे लेखिकेची आई. “सांगितलेलं, मासळी नको. एवढंच सांगितलेलं. बाकी कधी काय विचारलं नाय. आता पुस्तकात छापून येणार, मुलुंडच्या बायका वाचणार, की हिनं चावी घेतली आणि पोरीला फसवून खायला घातलं. वहिनी काय म्हणतील?”

“मग राहा सात्त्विक.”

“ते पण नाय राहवत.”

पुढचे काही दिवस घरात वाट लागली होती. आईला पुस्तकातली ती मिळमिळीत बाई दिसली की चीड यायची, आणि वहिनी आठवल्या की तोंड बंद व्हायचं. मी आगीत तेल घालत होते. जेवताना वरणभात वाढून म्हणायचे, “घ्या मावशी, सात्त्विक.” पप्पा गल्लीत सगळ्यांना सांगत फिरत होते की आपण छापील पुस्तकात मेलोय, त्यांना त्याचा आता थोडा अभिमान वाटायला लागला होता. काकू बाजारातून येऊन विचारायची, “काय गो, तुला वास सहन होतो ना? टोपली आत आणू?”

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आई सकाळीच तयार होऊन बसली. “चल मुलुंडला. त्यांना पुस्तकातनं कळायला नको. माझ्या तोंडनं कळू दे. मग बघू सुटली म्हणायचं का नाय.”

लेखिकेचे आईवडील आता मुलुंडला राहतात, रिटायर होऊन. मी गाडी बोलावली.  आईच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात काय ते सांगेना. साहेब फिरायला गेले होते. वहिनींनी दार उघडलं, “मावशी!” म्हणून हात धरून आत नेलं. पोहे झाले, गुडघे झाले, कुणाचं लग्न कुठे ठरलं ते झालं. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती.

“वहिनी, मी एक सांगायला आले. तुमच्या पोरीला मी मासळी खायला घातली.”

वहिनी हसल्या. “कधी? परवा तुमच्याकडे आली होती तेव्हा?”

“नाय. लहानपणी. रोज.”

“रोज म्हणजे?”

“श्रावणात नाय घातली,” आई घाईनं म्हणाली.

वहिनींचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं आता धर्म निघेल, विश्वास निघेल. आईनं त्यासाठी मान खाली घालूनच ठेवली होती. पण वहिनी म्हणाल्या, “म्हणून ती रात्री माझ्या हातचं जेवायची नाही!”

वहिनी खुर्ची ओढून आईच्या समोर आल्या.

“मावशी, मी ऑफिसातून येऊन स्वयंपाक करायचे आणि ती दोन घास खाऊन तोंड फिरवायची. डॉक्टर झाले. टॉनिकं झाली. भूक लागायचं चूर्ण झालं. मी शनिवारी पाककृतीच्या क्लासला जायचे, माहितीये? ऑफिसात खोटं सांगून! मला वाटायचं माझ्या हाताला चवच नाही. सासूबाई तर म्हणायच्याच.” आवाज चढत गेला. “आणि तिचं पोट दुपारीच भरलेलं असायचं? टाकीमागे?”

“टाकीचं तुम्हाला कुणी सांगितलं?” आईनं चपापून विचारलं.

“तुमची दोघींची ती जागा सगळ्या सोसायटीला माहीत होती! मला वाटायचं सावली असते म्हणून बसता.”

 आईनं पिशवीतून डबा काढून टीपॉयवर ठेवला, झाकण उघडलं. “हे खायची. तुम्ही खाऊ नका. बघा नुसतं.”

वहिनी वाकल्या. नाक जवळ नेलं, आणि झटक्यानं मागे आल्या. “हा वास!”

“हां. जवळा.”

“हा वास तिच्या फ्रॉकला यायचा. हा वास... मला वाटायचं...” आणि त्या थांबल्या. आता त्यांची मान खाली गेली.

“काय वाटायचं?”

“मला वाटायचं हा तुमचा वास आहे, मावशी. म्हणून दिवाळीला मी तुम्हाला नेहमी तो चंदनाचा साबण...”

आई ताठ झाली. तिच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलेलं मी बघितलं. आमच्याकडे दर दिवाळीला तो साबणांचा डबा यायचा, आणि काकू शेजारणींना सांगायची की आमच्या मोठ्या घरच्या वहिनींचं हिच्यावर किती प्रेम आहे. आम्ही तो साबण कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायचो, अंगाला लावायला जीव व्हायचा नाही.

“म्हंजे मना वास येतो म्हणून साबण?”

“चुकलंच माझं.”

“मी तो साबण देवापुढं ठेवला होता पहिल्या वर्षी!”

मला खरं तर राग यायला हवा होता. शिकलेली मुलगी आहे, असल्या गोष्टी मला कळतात, आणि त्यावर मी भाषण पण देऊ शकते. पण या दोघी एकमेकींसमोर फसवलं गेल्यासारखं तोंड करून बसल्या होत्या, मधे टीपॉयवर जवळा, आणि माझ्या नाकातून हसू फुटलं. आधी आईनं माझ्याकडे डोळे वटारले. मग वहिनींच्या खांद्यांना हिसका बसला. मग सगळ्याच.

बऱ्याच वेळानं वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, “साबणाचं मी मागे घेते. टॉनिकाचं तुम्ही काय करणार?”

“काय करू, सांगा.”

“तुम्ही काही करू नका. तिला करू दे. आणि मला कळलंय हे तिला सांगू नका. मला बघायचंय ती माझ्यासमोर कशी थापा मारते ते.”

हे आईला लगेच पटलं. असल्या गोष्टीत तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. निघताना वहिनींनी डबा धुऊन दिला, रिकामा नाही, साखर घालून.

कार्यक्रमाला आई हिरवंगार नऊवारी नेसली, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं. पप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि सगळ्यांना दिसतील असे बसले. हॉलमध्ये चहाच्या वेळी एका बाईंनी त्यांना विचारलं, “आपण कोण?” पप्पा म्हणाले, “मावशींचा कैलासवासी नवरा.” बाई दुसरीकडे चहा प्यायला गेल्या.

पाहुण्यांचं भाषण झालं. मूक अश्रू झाले, निरपेक्ष माया झाली, आपल्या संस्कृतीतली ती विरक्त, सात्त्विक स्त्री झाली. ती सात्त्विक स्त्री स्टेजवर नथ सावरत बसली होती. लोक तिच्याकडे बघत, मग पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या लुगड्याकडे. पुढच्या रांगेत वहिनी हाताची घडी घालून, मजा बघायला आलेल्या माणसासारख्या. मी त्यांच्या शेजारी.

मागून एका मुलानं विचारलं, “मॅडम, मावशी खरी आहे की काल्पनिक?”

लेखिका माइकजवळ आली. “असं आहे, की कुठलंही पात्र... म्हणजे आठवण आणि कल्पना यांच्या मधे...”

“बघा, सुरू झाली,” वहिनी माझ्या कानात म्हणाल्या.

“...काही गोष्टी लेखकाला सांगता येत नाहीत,” लेखिका म्हणाली आणि तिचा हात नकळत गळ्याकडे गेला. चिमूट. मला दिसलं. आईला पण दिसलं.

आई उठली. शाल खांद्यावरून घसरली, ती तिनं खुर्चीवर टाकली. माइक हातात घेतला. तो तिच्या तोंडापासून लांबच होता, पण त्याची गरज पडली नाही.

“पुस्तकातली बाई चांगली हाय,” ती म्हणाली. “कष्टाळू हाय. पण माझी तिची ओळख नाय.”

हॉल हसला. लेखिका हसली नाही. ती आईकडे बघत होती, शाळेत बाईंकडे बघावं तशी. आईनं वहिनींकडे एकदा पाहिलं. वहिनींनी मान हलवली.

“सुटली,” आई म्हणाली.

“काय?”

“सुटली म्हणते ना. ऐकू येत नाय? सांग आता.”

“मावशी, आई समोर बसलीय.”

“आईला कळलंय,” वहिनी खालून म्हणाल्या. “टाकीमागचं सांग. आणि टॉनिकाचं पण सांग, ते विसरायचं नाही.”

लेखिकेनं आपल्या आईकडे बघितलं, माझ्या आईकडे बघितलं, माझ्याकडे पण बघितलं, जणू मीच हा कट केलाय. तिनं चष्मा काढला. डोळे भरले होते, पण बोलायला लागली तेव्हा आवाज वेगळाच होता, पुस्तकातला नव्हता.

“आमच्या बिल्डिंगच्या मागे एक पाण्याची टाकी होती. तिच्यामागे दुपारी मावशी डबा उघडायची. मी पहिल्यांदा बोट घातलं त्यात सोड्यांचा...”

“सोडे नाय,” आई म्हणाली. “पहिल्यांदा जवळा.”

“सोडे होते मावशी. मला आठवतंय.”

“सोडे पावसात आणले. तू बोट घातलंस तेव्हा ऊन होतं. तुझ्या डोक्यावर ती पिवळी टोपी होती, तिला पण चटणी लागलेली.”

“टोपी लाल होती!”

“लाल टोपी तू कुंडीत टाकलीस. दुधाच्या कुंडीत.”

पाहुणे काहीतरी बोलायला उठले होते, ते परत बसले. संयोजक घड्याळाकडे बघत होते. स्टेजवर दोघी माइक एकमेकींच्या हातून ओढत होत्या आणि समोर हॉल भरलेला आहे हे दोघींच्या गावीही नव्हतं.

“बरं, जवळा,” लेखिका म्हणाली. “पण टोपी लाल.”

“पिवळी,” आई म्हणाली. “पुढं सांग.”